खुर्चीखालची बहीण

आमच्या गल्लीत तिला सगळे वेतबाई म्हणतात. हे नाव मी ठेवलेलं नाही. मी ठेवलेलं नाव याहून वाईट होतं आणि ते तिच्या कानावर गेलं तेव्हा नेमकी माझ्या दुकानातली खुर्ची तिच्याकडे विणायला होती. मग ती खुर्ची काही केल्या परत येईना. गिऱ्हाइकं उभ्यानं दाढी करून घ्यायला लागली, तेव्हा हात जोडून मी तिच्या दारात गेलो. तिनं खुर्ची पुढे केली आणि म्हणाली, "बसून बघा काका, कुठं टोचतेय का?" तेव्हापासून मीही तिला वेतबाईच म्हणतो.

मी न्हावी. तिचं दुकान माझ्या दुकानाला लागून, मध्ये फक्त भिंत. दोन्ही दुकानांच्या मागे एकच अंगण, अंगणात एक नळ, आणि माझ्या मागच्या खिडकीतून तिचा स्वयंपाकाचा ओटा, तिची खाट आणि कामाची जागा असं सगळं दिसतं. वस्तरा धुताना मान जराशी डावीकडे वळवावी लागते, एवढंच. मान का वळवायची, असं समोरच्या बेकरीवाल्या वहिनी मला नेहमी विचारतात. आणि "आज काय दिसलं, भावजी?" हे विचारल्याशिवाय पाव काही हातात ठेवत नाहीत.

वेतबाई वेताच्या खुर्च्या विणते. वडिलांचा धंदा तिनं उचलला. चौकटीला कडेनं भोकं पाडलेली असतात. वेताची पट्टी पाण्यात भिजवायची, मऊ झाली की एका भोकातून खाली सोडायची, खालून ओढून घ्यायची आणि शेजारच्या भोकातून वर आणायची. आधी उभ्या पट्ट्या, मग आडव्या, मग तिरक्या, आणि शेवटी मधमाशांच्या पोळ्यासारखी जाळी तयार होते. ऐकायला सोपं आहे. मी एकदा करून पाहिलं. पट्टी तुटली, बोट कापलं, आणि वेतबाई म्हणाली, "काका, तुम्ही लोकांची दाढी करता ना? मला त्या लोकांची काळजी वाटते."

तिचे वडील दोन्ही मुलींना हाताशी घेऊन काम करायचे. थोरली स्टुलावर बसून वरून पट्टी सोडायची. धाकटी, म्हणजे आपली वेतबाई, खुर्चीखाली मांडी घालून बसायची, पट्टी ओढून शेजारच्या भोकातून वर पाठवायची. "माझं लहानपण खुर्चीखाली गेलं," असं ती सांगते, पण तक्रारीनं नाही. जाळी घट्ट होत जायची तसं ताईचं तोंड आधी अर्धं, मग नुसतं नाक, मग नुसतेच डोळे दिसायचे. वडील म्हणायचे, "बोलू नका, ओढा." दोघी बोलायच्याही आणि ओढायच्याही.

मग थोरलीचं लग्न झालं, ती शहराच्या पार दुसऱ्या टोकाला गेली. वडील वारले. घरात आई आणि धाकटी अशा दोघीच राहिल्या. धाकटीनं लग्न केलं नाही. मी एकदा तोंडावर विचारलंच, कारण माझं तोंड तसंच आहे. ती म्हणाली, "काका, घरात एवढ्या खुर्च्या आहेत. त्यांवर बसून हुकूम सोडणारा आणखी एक कशाला?"

पण तिच्याबद्दल सांगायचं तर ही चुरचुरीत उत्तरं पुरे नाहीत. माझी बायको शेवटच्या आजारात पाठ टेकू शकत नव्हती. गाद्या झाल्या, उशा झाल्या, काही उपयोग नाही. वेतबाई एक दिवस आली, बायकोच्या पाठीवरून नुसता हात फिरवून गेली, आणि थोड्या दिवसांनी एक आरामखुर्ची घेऊन आली. पाठीशी सैल विणलेली, मानेशी घट्ट. बायको तीत टेकली आणि कितीतरी दिवसांनी डोळे मिटून पडली. मग मला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "लग्न झाल्यापासून पहिल्यांदा कुणीतरी माझं माप घेऊन काहीतरी केलं." शेवटपर्यंत ती त्याच खुर्चीत होती. ते उपकार फेडायचे म्हटलं तरी मला फेडता येणार नाहीत, आणि फेडायची इच्छाही नाही. काही उपकार डोक्यावर असलेले बरे वाटतात.

म्हणून गेल्या वर्षी वेतबाई डोळ्यांदेखत वाळायला लागली, तेव्हा वस्तरा धुवायला मी दिवसातून दहादा खिडकीशी जायला लागलो.

आधी हात थरथरायला लागले. तिच्या हातातून पट्टी तुटते हे मी कधी पाहिलं नव्हतं, आता रोज दोन-चार तुटायच्या. मग पोटात कळा, उलट्या, घाम, तोंडाला सारखं पाणी. डॉक्टरीणबाईंनी रक्त तपासलं, पोट तपासलं, नळाचं पाणीसुद्धा तपासायला पाठवलं. शेवटी म्हणाल्या, "काहीतरी शरीरात जातंय, पण कुठून ते कळत नाही. खाण्यापिण्यात काय येतं त्यावर नीट लक्ष ठेवा."

हे वाक्य आमच्या गल्लीत पडायला नको होतं. बेकरीवाल्या वहिनींनी पावाची टोपली खाली ठेवली आणि मला बाजूला घेतलं.

"भावजी, थोरली परत आलीय, लक्षात आहे ना?"

लक्षात होतं. थोरली विधवा झाली होती आणि उन्हाळ्यात आमच्या मागच्याच गल्लीत भाड्यानं राहायला आली होती. आणि वेतबाईचं आजारपण सुरू झालं तेही उन्हाळ्यातच.

इथं मला मागचं सांगायला हवं. या दोघी बहिणी वर्षानुवर्षं बोलत नव्हत्या. कारण सगळ्या गल्लीला ठाऊक होतं, म्हणजे जेवढं दिसलं तेवढं ठाऊक होतं. वडील गेल्यानंतर धाकटी अशीच आजारी पडली होती. हेच हात थरथरणं, ह्याच उलट्या. थोरली लांबून रोज तिला बघायला यायची. एका दुपारी धाकटी दवाखान्यात असताना थोरली टॅक्सी घेऊन आली, आईचे कपडे पिशवीत भरले आणि आईला घेऊन गेली. मी दारात उभा होतो. आई टॅक्सीच्या काचेतून दुकानाकडे बघत होती. थोरलीनं माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही.

धाकटी घरी आली तर घर रिकामं. ती थोरलीच्या घरी गेली. आई भेटली, पण थोरली दोघींच्या मधोमध खुर्ची टाकून बसली ती उठलीच नाही. आईनं धाकटीला पाण्याचा पेला द्यायला हात पुढे केला तर थोरलीनं तो हातातून काढून घेतला. दर वेळी हेच. "मी काय चोर आहे? आईला पळवून नेणार आहे?" धाकटीनं विचारलं. थोरली म्हणाली, "आई इथंच राहील." कारण सांगितलं नाही. शेवटी धाकटीनं जाणं सोडलं. आई वारली तेव्हा दोघी दोन बाजूंना उभ्या होत्या आणि घरी गेल्या त्याही दोन रस्त्यांनी.

त्या थोरलीनं आता काय केलं? बहीण नळाजवळ चक्कर येऊन पडली हे तिच्या कानावर गेलं, तशी दुसऱ्या दिवशी ती फाटकी बैठक असलेली एक खुर्ची उचलून दुकानात हजर झाली.

"काय काम आहे?" वेतबाईनं विचारलं.

"खुर्ची विणून हवीय. गिऱ्हाईक म्हणून आलेय."

"वेळ लागेल."

"मी बसते."

आणि ती खरंच बसली. रोज यायची, कोपऱ्यात बसायची, येताना डब्यात सूप आणायची. वेतबाई तिच्यासमोर कामाला हात लावायची नाही. ती आली की दाभण खाली, पाठ भिंतीला, तोंड दुसरीकडे. मला म्हणाली, "तिला बघायचं असेल मी किती खचलेय ते. मी नाही दाखवणार." सूप मात्र घ्यायची, आणि थोरली गेली की मागच्या मोरीत ओतून द्यायची. वस्तरा धुताना मी हे सगळं बघत होतो.

मग मी आणखी काहीतरी बघितलं.

वेतबाई खाटेवर पडली होती, पडद्याआड. थोरली ओट्याशी होती. तिनं साखरेचा डबा उघडला, वास घेतला. चहाचा डबा उघडला, वास घेतला. दुकानाकडे एक नजर टाकली, मग पिशवीतून कागदाची पुडी काढून डब्यात काहीतरी ओतलं, चमच्यानं हलवलं, झाकण लावलं. माझ्या खुर्चीत एक गृहस्थ अर्ध्या गालाला फेस लावून बसले होते. ते म्हणाले, "काय झालं?" मी म्हणालो, "काही नाही, पाणी गार आहे." माझे दातच वाजत होते.

दुपारी वहिनींना सांगितलं. त्यांनी छातीवर हात ठेवला. "विष!" म्हणाल्या. मग जरा विचार करून म्हणाल्या, "नक्की बघितलंत ना, भावजी? तुम्हाला जवळचं नीट दिसत नाही."

"लांबचं उत्तम दिसतं," मी म्हणालो.

संध्याकाळी वेतबाईला सांगितलं. मला वाटलं ती ओरडेल. ती खाटेवर उठून बसली आणि अगदी शांतपणे बोलायला लागली. असं शांत बोलणं मला अजिबात आवडत नाही.

"काका, मागच्या वेळी मी आजारी होते तेव्हा ही रोज यायची. आईला नेलं, हिचं येणं थांबलं, आणि मी बरी झाले. आता ही परत जवळ आली आणि मी परत पडले. मी हे कधी कुणाला बोलले नाही. आपल्या सख्ख्या बहिणीबद्दल असलं कुणी बोलतं का? पण मनात होतंच."

"पण सूप तर तू ओतून टाकतेस."

"म्हणून तर डब्यात टाकायला लागली." तिनं माझा हात धरला. तिचा हात ओला होता आणि थरथरत होता. "उद्या दुपारी अंगणात उभे राहा. साक्षीला. मी झोपल्याचं नाटक करते."

साक्षीदार म्हणून मला आयुष्यात पहिल्यांदाच रीतसर बोलावणं आलं होतं. एरवी मी आपणहून जातो. दुसऱ्या दिवशी मी दुकानाला कडी लावली आणि नळाशेजारी जाऊन उभा राहिलो. बघतो तर वहिनी तिथं आधीच बादली घेऊन उभ्या. बादली रिकामी होती आणि नळ बंद होता.

थोरली ओट्याशी आली. डबा उघडला. पुडी काढली. तेवढ्यात पडदा सरकला.

"काय टाकतेयस?"

थोरलीच्या हातातला चमचा खाली पडला. "साखर."

"साखरेच्या डब्यात साखर?"

"जुन्या साखरेचा मला भरवसा वाटत नाही."

"आणि मला तुझा वाटत नाही! तेव्हाही तूच होतीस. काका, आत या, तिथनं ऐकून मान आखडेल तुमची. सांगा हिला काय बघितलंत ते."

मी आत गेलो, पण मला काही सांगायची वेळच आली नाही. थोरलीनं त्या पुडीतली साखर तळहातावर ओतली आणि आमच्यादेखत खाल्ली. मग डब्यातली खाल्ली. मग चहाची कोरडी पूडसुद्धा चिमूटभर तोंडात टाकली आणि तोंड वाकडं करून म्हणाली, "झालं समाधान? बस आता. मला सांगायचंय. पण ऐकून आईला बोल लावायचा नाही, हे आधी कबूल कर."

"आईचा इथं काय संबंध?"

"कबूल कर."

"बरं."

थोरली स्टुलावर बसली. बाईचे केस पार पांढरे झालेले होते आणि नीट कापलेले नव्हते, हे मला तेव्हा पहिल्यांदा दिसलं.

"त्या वर्षी एकदा मी रोजच्या वेळेआधीच आले होते," ती म्हणाली. "तू आत पडलेली. आई ओट्याशी तुझा चहा गाळत होती. शेजारी एक बाटली, झाकण उघडं. बाटलीवर मेलेल्या किड्याचं चित्र. मी म्हटलं, आई, हे काय? तर तिनं बाटली पाठीमागे लपवली. लहान मुलासारखी. तेव्हा तिचं डोकं कसं झालं होतं ते तुला ठाऊक आहे. तुला कधी आत्या समजायची, कधी भाडेकरू. मला एकदा कानात म्हणाली होती, घरात एक परकी बाई शिरलीय, जातच नाही."

वेतबाईच्या ओठांचा रंग गेला. "तुला वाटलं आई मला विष घालते."

"मी काय करायला हवं होतं? कुणाला सांगू? तुला? तू तिच्या हातचा चहा घेतल्याशिवाय डोळे उघडत नव्हतीस. सांगितलं असतं तर तू जगली असतीस आणि आई तुझ्या मनातनं मेली असती. म्हणून तिला उचलून नेलं. तुझ्या शिव्या खाल्ल्या. तू यायचीस तेव्हा मध्ये बसायचे, तिनं तुला पाणीसुद्धा देऊ नये म्हणून. आणि तिला नेल्यावर तू बरी झालीस. मग शंका कसली राहणार?"

"खोटं आहे हे."

"मीही आता तेच म्हणतेय ना!" थोरलीचा आवाज फुटला. "आई कधीची गेली. आणि तुझं पुन्हा तेच चालू आहे. तेच हात, त्याच उलट्या. मग तेव्हा कोण होतं? मी काय केलं आईचं? तुझा प्रत्येक डबा मी बदलला. दूध बदललं. माझं सूप तू मोरीत ओततेस तेही मला माहीत आहे. तरी तू उतरतच चाललीयस. आणखी काय बदलू, सांग ना?"

अंगणातल्या बादलीची कडी तेवढी वाजली.

माणसाला राग आला की तो काहीतरी करतो. मी असतो तर बाहेर जाऊन कुणाला तरी सांगितलं असतं. वेतबाई कामाला बसली. थोरलीची ती फाटकी खुर्ची तिनं पुढ्यात ओढली, पाण्यातून एक पट्टी उपसली, एक टोक दातांत धरलं, दुसरं भोकात घातलं, एक हात वर, एक हात खाली, आणि सपासप ओढायला लागली. डोळ्यांतनं पाणी गळत होतं आणि हात चालले होते.

थोरली बघत राहिली. मग पुढे वाकली.

"तोंडात काय धरलंयस?"

"वेत," वेतबाई दातांतून म्हणाली.

"का?"

तिनं पट्टी काढली. "का म्हणजे? वरून सोडायचं, खालून ओढायचं आणि टोक ताणून धरायचं. तिसरा हात कुठनं आणू? तू लग्न करून गेलीस त्या दिवसापासून असंच धरते."

आता तुम्ही म्हणाल, म्हातारबा, तुम्ही तर रोज खिडकीतून बघत होतात! बघत होतो ना. पण शिंपी तोंडात टाचण्या धरतो, मी दातांत कंगवा धरतो. त्यात बघण्यासारखं काय आहे? गल्लीत कुणी कुणाला डोळा मारला तर मला दिसतो. हे नाही दिसलं.

थोरलीनं ती पट्टी हातात घेतली आणि जिभेला लावली. लगेच थुंकली.

"कडू आहे ही."

"हल्ली सगळा माल असाच येतो. उन्हाळ्यापासून नवा व्यापारी आहे. म्हणतो, याला कीड लागत नाही."

"का लागत नाही?"

अंगणातून वहिनींचा आवाज आला, "अगं बायांनो, औषध मारलेलं असणार, दुसरं काय!" आणि मग त्या बादलीसकट आत आल्या.

वेतबाई कुणाकडेच बघत नव्हती. हळूहळू, एकेक शब्द उचलून ठेवावा तशी ती बोलली. "आई पण लावायची. बाबा गेल्यावर गठ्ठेच्या गठ्ठे किडायला लागले होते. मी एकटी, मला पुरं पडत नव्हतं. आई म्हणाली, एवढं तरी मला करू दे. फडक्यानं वेताला औषध चोळत बसायची, तेवढं काम तिला जमायचं. ती बाटली मीच आणून दिली होती, ताई."

किती वर्षांनी ती "ताई" म्हणाली, ते तिच्याही लक्षात आलं नाही.

"मग लपवली का माझ्यापासून?"

"मी ओरडायचे तिला. ओट्यावर बाटली ठेवू नकोस, पुन्हा ठेवलीस तर काम देणार नाही म्हणून."

थोरलीला वेताचं ठाऊक नव्हतं, कारण ती घरात नव्हती. धाकटीला ओट्याशी काय झालं ते ठाऊक नव्हतं, कारण ती खाटेवर होती. दोघी एकदा भांडल्या असत्या, म्हणजे चांगल्या, गल्लीला ऐकू जाईल अशा, तरी त्या एका दुपारीच सगळं उलगडलं असतं. पण एकीनं प्रेमानं तोंड बंद ठेवलं आणि दुसरीनं रागानं. म्हणून मी म्हणतो, माणसानं थोडं फार बोलत राहावं. वहिनी म्हणतात, "थोडं, भावजी. थोडं."

त्याच दुपारी ती पट्टी कागदात गुंडाळून आम्ही डॉक्टरीणबाईंकडे गेलो. त्यांनी ती हातात घेऊन उलटसुलट बघितली, मग वेतबाईला काम कसं करते ते करून दाखवायला लावलं, आणि ताबडतोब दवाखान्यात ठेवून घेतलं. तपासणीत तेच निघालं. कीड मारायचं औषध, रोज थोडं थोडं, ओल्या पट्टीवरून सरळ पोटात. "आणखी काही महिने असंच चाललं असतं तर कठीण होतं," एवढंच त्या म्हणाल्या. व्यापाऱ्याला बोलावलं तर तो बिचारा भिंतीला टेकून उभा राहिला. म्हणाला, "वेत कुणी तोंडात धरेल असं माझ्या स्वप्नातही आलं नव्हतं." सगळे गठ्ठे परत घेऊन गेला.

दवाखान्यात मी भेटायला गेलो तेव्हा दोघी एकाच खाटेवर बसलेल्या होत्या. थोरली रडत होती आणि वेतबाई तिच्या पाठीवर हात फिरवत होती. आजारी कोण, हे नव्या माणसाला सांगावं लागलं असतं.

"माझ्या घरी आईला मी स्वयंपाकघरात पाऊल टाकू दिलं नाही," थोरली सांगत होती. "मी चहा करते ना गं, म्हणून मागे लागायची. कपाटांना कुलपं घातली मी. शेवटी शेवटी ती रिकामाच कप घेऊन ढवळत बसायची. तिनं काहीच केलं नव्हतं, आणि मी तिला..."

मला वाटलं होतं, वेतबाई आता तरी बोलेल. इतक्या वर्षांचं साठलेलं होतं, आई गेली होती, आणि बोलायचा तिला अधिकार होता. मी खुर्ची पुढे ओढून बसलो होतो, खोटं कशाला सांगू.

ती म्हणाली, "ताई, आईला तू नेलंस म्हणून औषध लावायला घरात कुणी राहिलं नाही. मी जगले ती म्हणून जगले. तुला वाटलं ते चुकीचं होतं. केलंस ते बरोबर ठरलं. आणि आताही तू खुर्ची घेऊन दारात बसली नसतीस तर मी तोंडात वेत धरूनच गेले असते. दोनदा जगवलंस. मला आधी त्याबद्दल बोलू दे. बाकीचं नंतर रडू, दोघी मिळून."

थोरली म्हणाली, "पण वर गेल्यावर आईला काय सांगायचं?"

"आईला काय सांगायचं? तिला तू कधी टाकून बोललीस का?"

"नाही."

"उपाशी ठेवलंस?"

"नाही गं."

"तिचे केस कोण विंचरायचं?"

"मीच. रोज."

"मग मला ते सांग. तिचं सगळं मला सांग. मला काहीच माहीत नाही. तिचा आवाज शेवटी कसा झाला होता तेसुद्धा माहीत नाही."

मी उठून बाहेर आलो. होय, आपणहून. वहिनींना हे अजून खरं वाटत नाही.

वेतबाईला पुन्हा उभं राहायला बराच काळ लागला. हात पहिल्यासारखे स्थिर व्हायला त्याहून जास्त. आता थोरलीनं मागच्या गल्लीतली खोली सोडली आहे आणि दुकानामागेच दुसरी खाट पडली आहे. वेताला औषध नाही आणि वेत तोंडातही नाही, कारण खालून ओढायला माणूस आलं आहे. फक्त थोरलीच्या गुडघ्यांना जमिनीवर बसवत नाही, म्हणून खुर्ची टेबलावर चढवतात, धाकटी उभी राहून वरून सोडते, थोरली स्टुलावर बसून खालून ओढते. थोरलीचा हात इतक्या वर्षांनी चुकतो. मग भिंतीपलीकडून ऐकू येतं.

"तिरकी कुठं घातलीस? डोळे आहेत का बटणं?"

"बाबा असते तर तुला खाली बसवलं असतं."

"बाबा नाहीत, मी आहे. ओढ."

हे भांडण मला गाण्यासारखं वाटतं. माझी गिऱ्हाइकंही आता त्याला सरावली आहेत. कुणी हसलं तर वस्तरा थांबवावा लागतो, इतकाच त्रास.

आणि काम करता करता रोज दुपारी थोरली आईचं काहीतरी सांगते. एका दुपारी एवढंच. जास्त सांगत नाही, आणि धाकटीही जास्त मागत नाही. सुरुवातीला नुसतं रडणं ऐकू यायचं. गेल्या आठवड्यात मात्र एकदम दोघींचं हसणं ऐकू आलं. असं हसणं की टेबलावरची खुर्ची धाडकन खाली पडली. मी फेसाचा ब्रश हातात घेऊन तसाच धावलो. मागे गिऱ्हाईक अर्ध्या दाढीचं, समोरून वहिनी पिठाच्या हातांनी तशाच धावत आलेल्या. आत बघतो तर दोघी जमिनीवर बसलेल्या, पडलेल्या खुर्चीला धरून, डोळे पुसतायत.

"काय झालं? आईचं काय सांगितलंत?" मी दम खात विचारलं.

थोरलीनं धाकटीकडे बघितलं. धाकटीनं थोरलीकडे.

"काही नाही, काका," वेतबाई म्हणाली. "हे आमच्या घरातलं आहे."

वहिनींनी खूप विनवण्या केल्या, गोड पावाचं आमिष दाखवलं. त्यांनी पाव घेतला आणि तरी सांगितलं नाही. मी परत येऊन दाढी पुरी केली. गिऱ्हाइकानं आरशातून विचारलं, "एवढं काय हसताय, काका?" मी म्हटलं, "मला काय माहीत!" आयुष्यात हे वाक्य मी इतक्या आनंदानं कधी उच्चारलं नव्हतं.